वाचकांचे प्रश्न : 'एलियन' अजून का घाबरवतो?

मागच्या अंकात जुन्या भयपटांची यादी दिली होती, त्यात 'एलियन'वर दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि सगळ्यात जास्त पत्रं आणि मेसेज त्या दोन ओळींवरच आले. म्हणून ह्या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, अख्खं सदर ह्या एका पिक्चरला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १९७९, दिग्दर्शक रिडली स्कॉट. नोस्ट्रोमो नावाचं मालवाहू यान, मागे रिफायनरी आणि २ कोटी टन खनिज ओढत पृथ्वीकडे परत निघालंय, आत सात माणसं आणि जोन्स नावाचं मांजर. वाटेत एक अनोळखी सिग्नल येतो, तो तपासायला उतरावं लागतं, तिथं एकाच्या तोंडाला एक प्राणी चिकटतो, त्याला तसंच यानात घेतात आणि मग एकेक जण मरत जातो. खाली गोष्ट शेवटपर्यंत उघडी पडणार आहे, त्यामुळे बघायचा असेल तर आधी बघून या.

ताई, तुमच्या यादीमुळं बघितला. ४५ वर्षं होऊन गेली, कंप्युटर ग्राफिक्स नाही, राक्षस तर नीट दिसत बी नाही, तरी मी आन् माझा रूम पार्टनर रात्री लाईट चालू ठेवून झोपलो. आजकालचे हॉरर बघताना असं काही होत नाही. कामून?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

दादा, माझ्या मते ह्याचं मूळ पहिल्या अर्ध्या तासात आहे, ज्यात राक्षस नाहीच. परत एकदा फक्त तेवढा भाग लावून बघा. माणसं लांब झोपेतून उठतात, टेबलाभोवती बसून कॉफी पितात, सिगरेटी ओढतात, एकमेकांचं बोलणं तोडून बोलतात, निम्मं तर नीट ऐकूही येत नाही, आणि खाली इंजिनाकडे काम करणारे दोघं, पार्कर आणि ब्रेट, बोनसवरून कुरकुर करत असतात की आम्हाला वरच्यांच्या निम्माच वाटा का. टेबलावर ते पाण्यात चोच बुडवणारं खेळण्यातलं पाखरू डुलतंय. यान कुठंच चकचकीत नाही, छतातून पाणी गळतंय, साखळ्या लोंबकळतायत, वाफ निघतेय. म्हणजे हे लोक कामावर आलेत, थकलेत, घरी जायचंय त्यांना. एकदा का हे मनात बसलं की पुढे त्या यानात जे काही येईल ते पण खरंच वाटतं, आपण विश्वास आधीच टाकून बसलेलो असतो. आजकाल बऱ्याच पिक्चरमध्ये पात्रं मरण्यासाठीच आणलेली असतात, नाव पण लक्षात राहत नाही, मग भीती कुठून येणार.

आणि सगळ्यात भयंकर सीन जेवणाच्या टेबलावर होतो हे पण बघा. केन बरा झालाय, तोंडावरचा प्राणी गळून पडलाय, भूक लागलीय त्याला, सगळे हसतायत, घास चालू आहेत, जेवून परत झोपायचं आणि घर गाठायचं. मग त्याला ठसका लागतो, आणि त्याची छाती फोडून त्या प्राण्याचं पिल्लू बाहेर येतं. शूटिंगला केन झालेला जॉन हर्ट टेबलाखाली दबून बसला होता, वर डोकं आणि हात तेवढे त्याचे, छाती बनवलेली, आत खाटकाकडून आणलेले अवयव आणि रक्ताच्या नळ्या. बाकी नटांनी स्क्रिप्ट वाचली होती, काहीतरी बाहेर येणार हे माहीत होतं, पण रक्त किती आणि कुठवर उडणार हे त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. फवारा थेट वेरोनिका कार्टराइटच्या तोंडावर गेला, ती जी दचकते ना ती खरीखुरी दचकलीय, आणि आपल्याला ते कळतं, का ते सांगता येत नाही पण कळतं.

राक्षस नीट दिसत नाही म्हणालात, तो मोठा झाल्यावरचा सगळा मिळून काही मिनिटंच पडद्यावर आहे. त्याचं रूप स्वित्झर्लंडच्या एच. आर. गिगर ह्या चित्रकाराचं. हाडं, पाईप, कवटी सगळं एकमेकांत मिसळलेलं, आणि डोळेच दिसत नाहीत, त्यामुळे तो नेमकं कुठं बघतोय ते समजत नाही, ह्याचं जास्त भ्या वाटतं. आत बोलाजी बाडेजो नावाचा नायजेरियाचा तरुण होता, लंडनमध्ये डिझाईन शिकायचा, जवळजवळ सात फूट उंच आणि हातपाय असे लांबसडक की सूटमध्ये माणूस असेल हे डोक्यातच येत नाही. दिग्दर्शकाने त्याला कधी पूर्ण उजेडात, डोक्यापासून पायापर्यंत निवांत दाखवलाच नाही. साखळ्यांच्या मधे लोंबकळलेला असतो, भिंतीच्या पाईपात पडून असतो, आपण त्याच्याकडेच बघत असतो आणि तरी तो हलेपर्यंत दिसत नाही.

बाकी करामती हाताच्या. तोंडाला चिकटणारा प्राणी ज्या अंड्यातून निघतो त्याच्या आत जी वळवळ दिसते ते स्कॉटचेच हात आहेत, रबरी हातमोजे घातलेले. यानाचा जमिनीवर टेकणारा पाय राक्षसी मोठा दिसावा म्हणून स्कॉटने लहान मापाचे स्पेससूट शिवून स्वतःच्या पोरांना त्यात चालवलं. तोंडाला चिकटणारा प्राणी मेल्यावर उलटा करून तपासतात तिथं शिंपल्यांचं मांस आणि मेंढीचा गुर्दा वापरलाय. हे सगळं कॅमेऱ्यासमोर खरोखर ओलं, लिबलिबीत असं पडलेलं होतं, त्याच्यावर उजेड खरा पडलाय. विज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर ह्याच पिक्चरला मिळालं, आणि माझ्या मते आजही बऱ्याच नव्या पिक्चरपेक्षा ह्यातलं काम उजवं आहे.

मी परभणीला बीएस्सी ॲग्री करतो. त्या प्राण्याचा जीवनक्रम बघून आमचे मित्र म्हणाले सगळं फेकाफेकी आहे. मला तर तो एन्टॉमॉलॉजीच्या, म्हणजे कीटकशास्त्राच्या प्रॅक्टिकलसारखा वाटला. कोण बरोबर?
— एक विद्यार्थी, परभणी

तू बरोबर बाळा, पण मित्रांना पण थोडे मार्क देऊ.

इतर वाचकांसाठी सांगते, कापसावर बोंडअळीसाठी जे ट्रायकोकार्ड पानाच्या खालच्या बाजूला लावतात ना, त्यावर हजारो अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांच्या आत ट्रायकोग्रामा नावाची एक मिलिमीटरपेक्षा पण लहान गांधीलमाशीच्या जातीतली माशी वाढत असते. ती बाहेर पडते, शेतात बोंडअळीच्या पतंगाने घातलेलं अंडं शोधते, त्यात आपलं अंडं घालते, आतलं सगळं तिचं पिल्लू खातं, अंडं काळं पडतं आणि त्यातून अळीच्या ऐवजी माशी निघते. उसातल्या खोडकिडीवर कोटेशिया नावाची अशीच माशी सोडतात, ती तर अजून पुढची, ती जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते, पिल्लं आतून खात वाढतात, अळी चालतीफिरती असते, आणि मग एक दिवस तिच्या कातडीला भोकं पाडून सगळी एकदम बाहेर येतात आणि तिथंच कोष विणतात. हे ज्याने भिंगाखाली बघितलंय त्याला जेवणाच्या टेबलावरचा तो सीन नवा नाही. पटकथा लिहिणारा डॅन ओ'बॅनन, त्याने प्राण्याचा जीवनक्रम परजीवी किड्यांवरूनच बेतला होता. आपण दरवर्षी शेतात जे अळीला करतो ते त्याने माणसाला केलं, एवढंच.

मित्रांचा मुद्दा कुठं बरोबर आहे सांगते. असे बरेचसे परजीवी निवडक असतात, एक जात ठरावीक यजमानांवरच, म्हणजे ज्यांच्या अंगात ती वाढते त्यांच्यावरच चालते, लाखो वर्षं दोघं सोबत बदलत आलेले असतात. भलत्याच ग्रहावरचा प्राणी पहिल्यांदाच माणूस बघतो आणि त्याच्या अंगात सुखाने वाढतो हे जीवशास्त्रात बसत नाही. आणि हातभर पिल्लू काही तासांत माणसापेक्षा उंच होतं, बरं मधे काही खाताना दाखवलेलं नाही, मग एवढं वजन आलं कुठून? ह्याचं उत्तर पिक्चरकडे नाही. मला स्वतःला बघताना ते खटकत नाही कारण तोवर मी विचार करायच्या अवस्थेत नसते, पण हिशोब विचारलास तर हिशोब लागत नाही.

ताई, भाऊ सुट्टीवर आला तेव्हा त्याला मोबाईलवर लावून दिला. त्यानं दहा वर्षं ऊसतोड केलीय. त्याला राक्षसाचं काही वाटलं नाही, पण कंपनीच्या कागदावर तो अडकला. म्हणाला, हे आपल्यासारखेच फसलेले हायेत, उचल घेतली की संपलं. मला त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक भगिनी, धारूर (जि. बीड)

ताई, तुमच्या भावाने पिक्चरच्या नाडीवर बोट ठेवलंय, मोठमोठ्या समीक्षेत पण जी गोष्ट पाचव्या-सहाव्या पानावर येते ती त्यांनी पहिल्याच बैठकीत पकडली.

तो सीन परत आठवा. सिग्नल आलाय, पार्कर म्हणतो ही मालगाडी आहे, लोकांना वाचवायचं यान नाही, माझ्या करारात हे काम नाही, जास्तीचे पैसे द्या तर जातो. तेव्हा ॲश नावाचा सायन्स ऑफिसर थंडपणे कलम वाचून दाखवतो की असा सिग्नल आला तर तपासावाच लागेल, नाहीतर सगळा हिस्सा जप्त. म्हणजे एवढे महिने घालवले त्याचा एक पैसा नाही. पार्कर गप्प. ते जे मरतात ते धाडस करायला गेलेले नाहीत, पगार बुडेल म्हणून खाली उतरलेत, हे मला कुठल्याही रक्तापेक्षा जास्त लागतं.

पुढे रिप्ली, यानावरची अधिकारी आणि पिक्चरची नायिका, यानाच्या मुख्य कंप्युटरला विचारते आणि कंपनीचा खरा हुकूम बाहेर येतो. तो प्राणी आणणं हे पहिलं काम, बाकी सगळं दुय्यम, माणसं गेली तरी चालतील. कंप्युटरचं नाव काय तर मदर. आणि ॲश माणूस नाहीच, कंपनीने बसवलेला यंत्रमानव आहे, प्राणी आत यावा म्हणून दार त्यानेच उघडलेलं असतं. ही ॲशची भानगड ओ'बॅननच्या मूळ पटकथेत नव्हती, निर्माते डेव्हिड गायलर आणि वॉल्टर हिल ह्यांनी नंतर घातली, आणि माझं स्पष्ट मत आहे की पिक्चर एवढी वर्षं टिकला त्यात ह्या भरीचा वाटा फार मोठा आहे. ती नसती तर उरला असता बंद घरातला भुताचा खेळ, चांगला, पण खेळच. आता तो प्राणी म्हणजे जनावर, त्याला कशाचं काय कळतं, पण कुणीतरी ऑफिसात बसून बाकीची सहा नावं आधीच काट मारून ठेवली होती.

ऊसतोडीशी सरळसरळ जुळवणं मला जरा जड जातं, कारण पिक्चर दोन तासांत संपतो आणि तुमच्या घरचं दरवर्षी दिवाळीच्या आसपास परत सुरू होतं. पण सांधा आहे आणि तो खरा आहे. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, उचल फिटेपर्यंत मान वर करता येत नाही, आजारी पडून खाडा झाला तर उलट पैसे कापतात. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारला समिती नेमावी लागली, पाळीत पण काम थांबू नये म्हणून तरण्या बायकांनी ऑपरेशनं करून घेतली असं तेव्हा समोर आलं. माणसाच्या अंगाचा हिशोब दुसरंच कुणीतरी करून बसलंय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना केनच्या छातीत काय चाललंय ते समजावून सांगावं लागत नाही. भावाला माझा नमस्कार सांगा. आणि पार्कर-ब्रेटचे सुरुवातीचे सीन त्यांना परत दाखवा, यॅफेट कोटो आणि हॅरी डीन स्टँटन ह्या दोघांनी काय काम केलंय, एक बोलतो आणि दुसरा नुसतं 'राईट' म्हणतो, त्यांना आवडेल.

रिप्लीला सगळे पहिली मोठी स्त्री हिरो म्हणतात. मला तर ती साधी कामाला चोख बाई वाटली, त्यात हिरोसारखं काय आहे?
— एक शिक्षिका, लातूर

बाई, तुम्हाला जे वाटलं तेच तिचं मोठेपण आहे असं मी म्हणेन. ओ'बॅननच्या पटकथेत सुरुवातीलाच टीप होती की सगळी पात्रं पुरुष किंवा बाई कुणीही करू शकतं. म्हणून रिप्लीला 'बाईचा रोल' म्हणून काही वेगळं दिलेलंच नाही, तिला नवरा नाही, प्रियकर नाही, कुणी वाचवायला येत नाही. सिगर्नी वीव्हर तोवर नाटकात काम करायची, पिक्चरमधला हा तिचा पहिला मोठा रोल, प्रेक्षकांना ती ओळखीची नव्हती त्यामुळे शेवटी हीच उरणार हे कुणाच्या ध्यानात पण आलं नाही, पोस्टरवरचं मोठं नाव टॉम स्केरिटचं, आणि कॅप्टन झालेला तो मधेच जातो.

माझा आवडता सीन दाराचा. बाहेर तिघं उभे, केनच्या तोंडाला तो प्राणी, कॅप्टन ओरडतोय दार उघड, आणि रिप्ली नाही म्हणते. २४ तास क्वारंटाईन, नियम आहे, आत घेतलं तर सगळेच मरू. सगळ्यांना ती दगडाच्या काळजाची वाटते. ती बरोबर होती. तिचं कुणी ऐकलं असतं तर केन बहुधा गेला असता आणि बाकी सगळे घरी पोचले असते. करोनाच्या काळात ज्यांनी गावाच्या वेशीवर उभं राहून आपल्याच नातेवाइकांना शाळेत थांबायला लावलं त्यांना हा सीन कसा वाटत असेल ह्याचा मी फार विचार करते. शूर असणं वेगळं, आणि सगळे तुम्हाला वाईट ठरवत असताना नियमाला धरून राहणं वेगळं, दुसरं जास्त अवघड आहे आणि पडद्यावर फार कमी दिसतं.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते, शेवटी ती ज्या छोट्या यानातून निसटते तिथं तिला अंगावर जेमतेम कपडे ठेवून दाखवलंय ते. काही जण म्हणतात ती बेसावध, उघडी पडलीय हे दाखवायला ते हवंच होतं. मला नाही पटत, बेसावध दाखवायचे शंभर मार्ग होते आणि हा पुरुषाच्या नजरेने निवडलेला आहे. पण राक्षस त्याच छोट्या यानात लपलाय हे कळल्यावर तिथूनही ती स्पेससूटमध्ये हळूच पाय घालते, भीतीने ओठ हलतायत, स्वतःशी गाणं पुटपुटतेय, आणि हात काम करतायत. वीव्हरने तिथं जे केलंय त्याला तोड नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, यूट्यूबवर क्लिप बघून मागं लागलाय. दाखवू का?
— एक पालक, नांदेड

नका दाखवू. नववी-दहावीत गेल्यावर बघू म्हणा. क्लिपा पण बंद करा, कारण मागचंपुढचं काही न कळता नुसती ती छाती फुटताना बघितली तर पोराच्या मनात तेवढंच राहतं.

पुढचे भाग बघावेत का? आणि २००३ ची डायरेक्टर्स कट बघू का १९७९ ची?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

पुढचा एकच नक्की बघा, १९८६ चा 'एलियन्स', जेम्स कॅमेरूनचा. तो वेगळ्या जातीचा आहे, त्यात बंदुका आणि फौज, भीती कमी आणि धावपळ जास्त, पण रिप्ली तिथं अजून मोठी होते. त्यानंतरचे वेळ असेल तर.

आवृत्तीचं म्हणाल तर पहिल्यांदा बघताना १९७९ चीच. २००३ मध्ये स्कॉटने काही सीन छाटले आणि काही जुने काढलेले परत घातले, त्यात रिप्लीला शेवटच्या पळापळीत कॅप्टन डॅलस कोषात अर्धमेला सापडतो असा एक आहे. सीन म्हणून जबरदस्त आहे, पण यान फुटायचा टायमर चालू असताना ती थांबते आणि सगळा वेग उतरतो. दुसऱ्यांदा बघताना तो बघा. आणि डब केलेला शक्यतो टाळा, मूळ आवाज ठेवून सबटायटल लावा, हेडफोन घाला, कारण यानाची ती घरघर, पाणी ठिबकणं, एकमेकांवर चढलेली बोलणी हे डबिंगमध्ये पार धुऊन निघतं.